पळसाचा डिंक, बापाचे लाडू

वाटूरच्या आमच्या शेतात बांधावर एक पळस आहे. शिमग्याच्या सुमारास पानं झडून तो नुसता लाल होतो, तेव्हा येणारेजाणारे गाडी थांबवून फोटो काढतात. मला त्याचं असलं कौतुक कधी वाटलं नाही. माझ्या डोक्यात पळस म्हणजे आईची कामं. त्याच्या पानांत थापून गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले पानगे. फुलं भिजवून केलेलं केशरी पाणी. धुळवडीला खेळायचं आणि पुढं उन्हाळाभर घामोळ्यांसाठी त्यानंच अंघोळ करायची. आणि डिंक. सालीला खाचा दिल्या की लाल डिंक पाझरतो, वाळला की काळपट खडे होतात. त्याला कमरकस म्हणतात, बाळंतिणीच्या लाडवात घालतात.

आई गेली आणि काही महिन्यांतच मला दिवस राहिले. माझं सासर घनसावंगीला. सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांनी सरळ सांगितलं, "तिथं बाईमाणूस न्हाई. बाळंतपण इथंच व्हईल." बोलणं चूक नव्हतं. पण पहिलं बाळंतपण माहेरी होतं हो! माहेर आईसोबतच गेलं, अशी मनाची समजूत घातली आणि न्हाणीत नळ सोडून पोटभर रडले.

मग एक दिवस बाबाच दारात येऊन उभे. "माही लेक माह्याच घरी बाळंतीण होणार. सगळं मी करतो."

आत्यांना हसूच आलं. "इवाई, भाकर तरी थापता येती का तुम्हाला?"

"शिकून राह्यलो न."

बरीच ओढाताण झाली. शेवटी आत्या म्हणाल्या, "न्या. पण बारशाला मी येईन. जराशी हयगय दिसली, तर मायलेकरांना तिथूनच उचलून आणीन." त्या बोलल्या की तसं करणारच, हे मला पक्कं ठाऊक.

बाबा तयारीला लागले. शेजारची काकू म्हणाली, जुन्या जालन्यात किराणा दुकानात साफ केलेला कमरकस मिळतो, कशाला खटाटोप करता? बाबा म्हणाले, "घरचं झाड असून इकत आणू व्हय?" संक्रांतीपासून पळसाला खाचा दिल्या, रोज जाऊन खडे खरवडून आणले. खारीक, खोबरं, गूळ, तूप सगळं मोबाइलवर बघून बराबर घेतलं. आई कमरकस चिमूटभर घालायची, हे मात्र त्यांना कुणी सांगितलं नाही. त्यांनी आपला हिशोब केला, कंबरेला चांगला आहे ना, मग हात कशाला आखडायचा? घातला वाटीभर.

जालन्याच्या दवाखान्यात मुलगी झाली. घरी आल्यावर पहिला लाडू हातात आला. दगड! कसाबसा तुकडा मोडला तर जीभ टाळ्याला चिकटली, तोंड आवळून आलं. बाबा दारात उभे, बोटं डिंकानं तांबडी.

"जमला काय गं?"

"बिलकुल आईसारखा," मी धडधडीत खोटं बोलले. त्यांनी तोंड फिरवून रुमालानं डोळे पुसले. झालं! तेव्हापासून रोज सकाळी एक लाडू दुधाबरोबर गिळायचा.

बारशाला आत्या आल्या. शेगडी बघितली, लेकराचं टाळू-तेल बघितलं, वाळत घातलेली दुपटी उलटून बघितली. कुठंच बोट ठेवायला जागा नाही. मला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. तेवढ्यात त्यांनी लाडवाचा डबा उघडला.

एक लाडू दाताखाली धरला, कडकन आवाज आला. आत्यांचं तोंड वाकडं झालं.

"कमरकस किती घातला?"

"वाटीभर," बाबा म्हणाले.

"अगं माय! चिमूटभर घालतेत हो!"

बाबांचा चेहरा खाडकन उतरला. पाण्याचा तांब्या तसाच हातात. "मला वाटलं, लेकीची कंबर धरंल," ते म्हणाले. मग खाली बघून, "घेऊन जा तिला. माह्यानं झालं न्हाई."

"मी न्हाई येत!" माझ्या तोंडून निघून गेलं. "आत्या, मी रोज खाते हे लाडू. मला इथंच राहायचंय."

आत्या हातातल्या लाडवाकडं बघत राहिल्या. मग तोच लाडू पुन्हा चावायला लागल्या. चावताना त्यांचे डोळे भरून आले.

"माही माय म्या लहान असतानाच गेल्ती," त्या म्हणाल्या. "बाप होता. चांगला धडधाकट होता. चार बाळंतपणं झाली माही. एकदाबी त्यानं ये म्हणलं न्हाई."

लाडू संपवून त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"सव्वा महिना ठेवा तिला," त्या बाबांना म्हणाल्या. "अन् मला अजून एक द्या."