वस्तीचा रकाना

“बघा, ‘वस्ती’वर क्लिक केलं की ही मंडळी एकाखाली एक येतात. शोधत बसायला नको.”

एचआरचे साहेब सुपरवायझरला दाखवत होते. माझ्याच खुर्चीमागं उभं राहून. सांडपाण्याची टाकी आतून खरवडायची होती. कंत्राटी माणसं पळालेली. पाच जण हवे होते. साहेबांनी वरची पाच नावं वाचली. मग खाली माझ्या नावाशी थांबले.

“तुझी वस्ती कोरी कशी रे? आमच्यात यायचंय काय?”

सगळे हसले. मीही हसलो. “टायपायचं राहिलं, सर.”

राहिलं नव्हतं. सोडलं होतं.

कोरेगाव भीमाच्या पुढं, हायवेला लागून कारखाना. मी शिरूरचा, कॉम्प्युटरचा कोर्स केलेला. आतल्या आत चालणारी वेबसाइट मीच बांधली. रजा, ड्यूटीचा तक्ता, फोन नंबर, सगळं ब्राउझरमध्ये. आधी एका रजेसाठी कामगार क्लार्कच्या खिडकीशी तीनतीनदा उभा राहायचा. ते मी बंद केलं, याचा माज होता मला. मी चळवळीची पत्रकं वाटलेला पोरगा. कॉम्प्युटरला जात नसते, असं सभेत ठणकावून सांगितलेलं.

कंपनीच्या बसचे थांबे ठरवायचे म्हणून साहेबांनी ‘वस्ती’ हा रकाना घालायला सांगितला. फॉर्म भरून आले. बहुतेकांनी नुसतं गाव लिहिलेलं. कवठे येमाई. बस्स. त्यापुढं ‘बौद्धवस्ती’ मी लावलं. कुणी सांगितलं नव्हतं. आमचीच माणसं, त्यांची घरं मला माहीत होती, आणि अर्धवट माहिती मला बघवत नव्हती, म्हणून लावलं. साहेब पुण्याचे. कवठ्यात कुणाचं घर कुठं, त्यांना काय ठाऊक? जे आडनावावरून कळत नव्हतं, ते मी कळवलं.

पाचात एक मामा होते. कवठ्याचे, आमच्या नात्यातले नाहीत, पण सगळेच त्यांना मामा म्हणायचे. पक्के फिटर. त्यांनी हात लावला की बंद पडलेला पंप चालू. तक्ता बघून ते माझ्या खोलीत आले. चपला बाहेर काढून. तिथं एसी होता ना.

“टाकीवर माझं नाव कुणी काढलं रं?”

“सिस्टीमनं काढलं, मामा.”

“व्हय? सिस्टीम कवठ्याची हाय का? तिला आमची आळी कशी ठाव?”

मी स्क्रीनवरचा तक्ता बंद केला.

“फारमवर म्या नुसतं कवठं लिव्हलं हुतं,” एवढं बोलून ते गेले.

मामा टाकीत उतरले. मी एसीत बसून राहिलो. ते माझ्या मनातून अजून जात नाही.

पुढच्या आठवड्यात साहेब म्हणाले, “टाकीचा तक्ता काढ.”

“न्हाई काढत. तो रकाना मी पुसलाय.”

ते चिडलेसुद्धा नाहीत. ड्रॉवर उघडून कागद दाखवले. “मी छापून ठेवलंय. तुझंच काम आहे. छान झालंय.”

पाचही जण लेबर ऑफिसात अर्ज देणार होते. लिहायला मला सांगितलं. सवयीनं मी सुरुवात केली, मनुवादी व्यवस्थेनं अमुक, भांडवलदारांनी तमुक. पान भरलं. वाचून दाखवलं.

मामा म्हणाले, “भाषण झ्याक हाय. पर यादी कुणी केली, ते ह्यात न्हाई.”

चौघं माझ्याकडं बघत होते. मामा बघत नव्हते.

तो कागद फाडला. नव्यावर पहिली ओळ लिहिली: ‘बौद्धवस्ती हा शब्द त्या यादीत मी घातला, कुणी न सांगता.’ खाली माझं पूर्ण नाव. साहेबांचं त्यानंतर.

नोकरी जाईल. जाऊ दे. साहेबांसमोर मी हेच बोलणार आहे, शब्द न फिरवता. साहेबांना सोडणार नाही. आणि मामांकडं माफी मागून मोकळाही होणार नाही.