सुकटीवरचा आळ

माझ्या अंगावर पित्त उठायला लागलं तेव्हा आईने आरोपी पाच मिनिटांत पकडला. सुकट. टोकावड्याकडच्या आमच्या घरात सुकटीशिवाय शेतावरची भाकरी घशाखाली उतरत नाही, आईच्या तर नाहीच. पण त्या रविवारी कारखान्याला सुट्टी म्हणून शेतावर भाताची आवणी करून आलो, संध्याकाळी पाठीवर, दंडावर तांबड्या गांधी उठल्या, आणि तिने सुकटीचा अख्खा डबा शेजारी देऊन टाकला.

"मीच वाढली ना तुला," ती म्हणाली. मग तिने आमसुलाचं पाणी अंगाला चोळलं आणि पावसाळी उकाड्यात मला घोंगडीत गुंडाळून बसवलं. खाज होती तशीच राहिली. वर घाम आला.

पुढच्या रविवारी पुन्हा आवणी, पुन्हा गांधी. मग अंडं गेलं, वांगं गेलं, शेंगदाणे गेले. आई स्वतःही यातलं काही तोंडात घालेना. "तुला नाय तर मला कशाला?" साठी उलटलेली बाई महिनाभर मीठ-भाकरी खात होती, आणि मला त्याची भयंकर लाज वाटत होती.

शेवटी मुरबाडच्या डॉक्टरांकडे गेलो. अंग स्वच्छ. गांधींना एसटीने प्रवास करायची हौस नसते. डॉक्टर म्हणाले, त्या काही तासांत जिरतात, पुढच्या वेळी मोबाइलवर फोटो काढा, आणि काय काय खाता ते वहीत लिहा.

पुढच्या सोमवारी फोटो आणि वही घेऊन हजर झालो. वही वाचून त्यांनी विचारलं, "आणि गोळ्या?"

गोळी कुणी जेवणात धरतं का? शेतावरून आलो की आई तिच्या गुडघ्यांच्या पाकिटातली एक मला पाठीसाठी द्यायची. न चुकता, न मागता.

"तीच," डॉक्टर म्हणाले. ती पुन्हा घ्यायची नाही. गांधी उठल्याच तर ॲलर्जीची गोळी आणि गार पाण्याचा कपडा. घोंगडी नको. ओठ सुजले किंवा दम लागला तर थांबायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

हे सगळं समजलं. आईला कसं सांगायचं, तेवढं समजलं नाही. सुकटीपायी ती महिनाभर स्वतःला शिक्षा करत होती. गोळीचं कळलं असतं तर तिने काय सोडलं असतं, देव जाणे.

"सुकटीचा काय संबंध नाय," मी घरी सांगितलं.

"मंग कशानं?"

"कारखान्यातल्या धुळीनं."

डबा शेजारून परत आला, अर्धा. रविवारी शेतावरून आल्यावर तिने सुकट केली. मी जेवत होतो तोवर ती माझ्या दंडांकडे बघत बसली. काही उठलं नाही. मग तिने स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि दोन भाकऱ्या खाल्ल्या. किती बरं वाटलं मला.

हात धुऊन तिने फळीवरचं पाकीट काढलं. "पाठ धरलीय का रे? गोळी देऊ?"

पाठ मोडायला आली होती.

"नाय गो आये," मी म्हणालो आणि ताठ बसलो.