अण्णांनी ओळंबा लावला

माझे वडील, आमचे अण्णा, गवंडी. सोलापुरात आमच्या निम्म्या गल्लीची घरं त्यांच्या हातची, आणि आमचंही. पण खाली काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि भिंती तडकतात. दोन वर्षांपूर्वी भिंतीचा एक ढलपाच आईच्या खाटेवर पडला. आई नुकतीच दूध तापवायला उठली होती, म्हणून वाचली. तेव्हापासून घरात तिचा डोळा म्हणून लागेना.

शेवटी वैतागून मीच ठरवलं, शेजारच्या मोकळ्या जागेत लोखंडी सांगाड्याच्या दोन खोल्या बांधायच्या. वजनाला हलक्या, मातीवर भार कमी. पाणीही थोडकंच लागतं, आणि आमच्या नळाला रोज पाणी येतंय कुठं?

अण्णा भडकले. "डब्यात राहायचं व्हय? उन्हात भाजून निघाल की!"

उष्णता अडवायला छताखाली आणि भिंतींत जाड थर भरतात, हे मी दहादा सांगितलं. ऐकतील तर शपथ.

खांब उभे राहिले त्या दिवशी मात्र ते ओळंबा घेऊन आले. एकेक खांब सरळ उभा आहे का तपासला. दोरी कुठंच खांबापासून सुटेना. चूक सापडली नाही म्हणून तोंड पाडून परत गेले. मी मनातल्या मनात टाळ्या पिटल्या.

पुढं भिंतींना सिमेंटच्या शीट बसल्या. दुसऱ्या सकाळी बघते तर अण्णा पाइप धरून त्यांच्यावर पाणी मारताहेत! साठवलेली अख्खी टाकी रिकामी.

"अण्णा, ह्याला पानी लागत न्हाय!" मी ओरडले.

"मग भिंत पक्की कशी हुनार?"

"बोल्टांनी!"

जन्मभर नव्या भिंतींना पाणी पाजलेला माणूस. त्यांनी पाइप गुंडाळून कोपऱ्यात ठेवला. माझा राग कुठल्या कुठं गेला, उलट वाईटच वाटलं.

गेल्या महिन्यात राहायला गेलो. पहिल्याच दुपारी आई जेवून आतल्या खोलीत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं. चार वाजले, साडेचार वाजले. आतून घोरणं ऐकू येत होतं. इतकं हायसं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. तरी चहासाठी उठवावं म्हणून मी निघाले, तर दारात बसलेल्या अण्णांनी हात आडवा घातला.

"झोपू दे," ते म्हणाले. "माज्या हातच्या भिंतीपायी दोन वर्सं झोप न्हाय तिला."