सरकारी पाणी

साठ सालाच्या सुमारास मी बंगळुरातल्या एका सरकारी कचेरीत कारकून होतो. गच्चीवरची टाकी रोज सकाळी भरून वाहायची आणि पाणी गटारात जायचं. झाडूवाली बाई त्या धारेखाली घागर लावायची आणि भरली की पदराने तिचा काठ पुसायची. तिच्या गल्लीतला नळ कोरडाच असे.

एकदा साहेबांनी पाहिलं. "सरकारी पाणी चोरतेस? ओतून टाक."

तिने घागर गटारात रिकामी केली आणि शेजारी उभ्या असलेल्या मला विचारलं, "अण्णा, गटारात गेलेलं चालतं, माझ्या घरी नेलेलं चोरी होय?"

पाणी बंद करायला साहेबांनी कुणालाच पाठवलं नाही, आणि मीही गेलो नाही. त्याची चीड अजून जात नाही.