ठरवून चालू केलेली लाईन

सहदेवसारखा खडूस माणूस मी वीज खात्यात दुसरा पाहिला नाही. अमडापूरच्या पुढे माळावर आमचं सबस्टेशन होतं. तिथे लाईन बंद-चालू करणं त्याचं काम. लग्न केलं नाही, चहाला कुणाला बोलावलं नाही. आठ-आठ दिवस हा माणूस घड्याळाशिवाय कुणाचा आवाज ऐकत नसेल, असं मला वाटायचं, आणि वाईटही वाटायचं.

गावात त्याला एकच घर होतं, सोजराबाईचं. तिचा नवरा हिंमतराव लाईनमन, सहदेवचा जिवलग दोस्त. महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्याच वर्षी तो खांबावर शॉक लागून गेला. चौकशीत निघालं की, हिंमतरावानंच नियम मोडला. तेव्हापासून सोजराबाई सहदेवला भाऊबीजेला ओवाळायची आणि दर वेळी म्हणायची, "दादा, त्यायनं तुमचं आयकलं असतं तं आज जित्ते असते. आळस नडला मेल्याचा." सहदेव खाली मान घालून जेवायचा.

सहा वर्षांनी साहेबांनी नव्या वायरमनांना शिकवायचं काम सहदेवच्या गळ्यात मारलं. आम्ही नऊजण होतो. त्यात हिंमतरावाचा धाकटा भाऊ रामरावही होता.

सहदेव शिकवायचा मात्र झकास! तार मेली आहे, तिच्यात वीज नाही, असं कधीच धरू नका, आधी तपासा. दोन्हीकडून साखळी टाकून तार जमिनीला जोडा, मगच हात लावा. आणि सगळ्यात मोठा नियम: लाईन बंद करायचा कागद ज्यानं नेला, त्यानंच परत यायचं, सही करायची. त्याशिवाय लाईन चालू नाही म्हणजे नाही.

"सात मैल सायकल मारत यायचं? एका सहीसाठी?" एकानं कुरकुर केली.

रामराव हसला. "माणूस भरवशाचा असला तं लाईन चालू करायची वेळ आधीच ठरवून घेतली तरी काय बिघडते? माहा भाऊ बुद्धू होता. सहदेवदादा नाही म्हणत असतानी त्यानं वेळ ठरवली. आता दादा बटनापाशी असले तं मी डोळे झाकून खांबावर चढीन."

सहदेवच्या हातातला खडू तसाच राहिला.

"चढू नको बे!" तो ओरडला. मग आवाज बसला. "वेळ त्यानं नाही ठरवली, म्या ठरवली. उन्हाचा कायले सायकल दामटतं, म्हटलं, चार वाजता मी चालू करतो. तो येतोच म्हणत होता. म्या त्याले येऊ देल्लं नाही. चारले म्या चालू केली, त्याचं काम सरलं नव्हतं. चौकशीत म्या खोटं सांगितलं."

रामराव उठून बाहेर गेला.

संध्याकाळी सहदेव सोजराबाईकडे निघाला. "तू चाल संगं," एवढंच मला म्हणाला. नाही म्हणायची माझी छाती झाली नाही.

रामरावानं आधीच सांगितलं होतं. सोजराबाई ओट्यावर तूर पाखडत बसली होती. सूप खाली ठेवून ती उभी राहिली. मला वाटलं, आता शिव्याशाप देणार. दिले असते तर बरं झालं असतं.

"हातून चूक झाली, ते म्या सोसलं असतं," ती म्हणाली. "पण सहा वर्सं म्या त्यायले आळशी म्हटलं. लेकरायसमोर म्हटलं. तुम्ही माह्याच घरी जेवत होते. एका शब्दानं थांबवलं नाही मले."

ती आत गेली, दार लावून घेतलं. आतून तिचा आवाज येत होता. ती नवऱ्याशी बोलत होती, "अवो, चुकलं माह्यं. आयकता का? चुकलं." पुन्हा पुन्हा तेच.

सहदेव अंगणात उभा राहून ऐकत होता. मी त्याचा हात धरून ओढला, तरी तो हलला नाही.