पाच ते सातचा हुकूम

बोथ गावच्या तहसील कचेरीत नव्या कारकुनाला मी पहिल्याच दिवशी बजावतो: निघालेला हुकूम तो रद्द करणारा हुकूम निघेपर्यंत कायम. साहेब बदलो, सरकार बदलो, जिल्ह्याचे चार तुकडे होवोत. सत्तावीस वर्षं हेच सांगत आलोय आणि त्या पोरांना वाटतं, उद्धवरावांना केवढं कळतं!

चार-पाच वर्षांपूर्वी कॉम्प्युटरचं दोन दिवसांचं सरकारी प्रशिक्षण झालं आणि मला शिंगं फुटली. मावला गावातल्या आमच्या तीन खोल्यांच्या घरात मी फायरवॉल बसवली. म्हणजे इंटरनेटच्या वाटेवरचा पहारेकरी. कुणाला सोडायचं, कुणाला अडवायचं, ते त्याला आधी सांगून ठेवायचं. "आपल्या घरात चोरासारखं हाय काय?" बायकोने, सुभद्रेने, विचारलं. तुला नाही कळायचं, असं मी म्हणालो. मला तरी कुठे कळलं होतं!

आमची एकुलती एक स्वरा हैदराबादला डिग्रीला आहे आणि कबड्डी खेळते. तिचा एकही सामना मी पाहिलेला नव्हता. कधी निवडणूक, कधी जमाबंदी. खरं कारण वेगळंच होतं. कबड्डीने पोट भरत नाही, असं तिला इतक्यांदा ऐकवलं होतं की आता कोणत्या तोंडाने टाळ्या वाजवायच्या? यंदा तिचा फोन आला. "बाबा, शनवारी पाच वाजता सेमीफायनल हाय. नेटवर दाखवून राह्यले. या खेपेला तरी पाहा." पाहतो म्हणालो, आणि अगदी मनापासून म्हणालो.

शनिवारी अर्धी रजा टाकून मी टीव्हीसमोर बसलो. टीव्हीला जोडलेला इंटरनेटचा बॉक्स चालू केला, आणि बरोबर पाच वाजता पडद्यावर गोल चक्र फिरू लागलं. फिरतच राहिलं.

मी बॉक्स बंद करून चालू केला. वायर बदलली. मग अंगात आलं आणि बॉक्समधलं सगळं पुसून नव्याने सुरुवात केली. रिमोटने एकेक अक्षर हुडकत पासवर्ड भरण्यात बारा मिनिटं गेली. चक्र पुन्हा हजर.

"सकाळी भजनं तं बराबर लागते याच्यावर," सुभद्रा म्हणाली. "मंग आता पाच वाजता काऊन बंद पडलं?"

"आपल्या भागात पाचनंतर नेट कमजोर असतं," मी अधिकारवाणीने सांगितलं.

तिने आपल्या फोनच्या सिमवर सामना लावला. "या, इथं पाहा. थे पाहा आपली स्वरा, सात नंबर."

"माझी लेक मी वीतभर काचेत पाहू?" मी इंटरनेट कंपनीला फोन लावला. पलीकडची बाई शांतपणे हिंदीत म्हणाली, साहेब, लाइन ठीक आहे, तुमच्याच घरात काहीतरी अडवतंय. मी तिला सुनावलं की माझ्या घरात माझ्या हुकमाशिवाय पानही हलत नाही.

तेवढ्यात शेजारचा नागसेन दारात आला. "उद्धवभाऊ, चला ना आमच्या घरी. मस्त चालू हाय, मोठ्या टीव्हीवर."

घरात फायरवॉल असलेला माणूस शेजाऱ्याच्या टीव्हीवर जाणार? "पाच मिनिटांत होतं," मी म्हणालो. नागसेन परत गेला. आतून सुभद्रेचं ओरडणं ऐकू येत होतं, "आली रे आली, तिघींना बाद करून आली!" मी तेव्हा टीव्हीच्या मागे डोकं घालून बसलो होतो.

शेवटचा उपाय म्हणून फायरवॉलची नोंदवही उघडली. ओळीमागून ओळी: टीव्ही बॉक्स, अडवला. टीव्ही बॉक्स, अडवला. आणि समोर कारण, मीच दिलेलं: स्वरा अभ्यास, पाच ते सात, व्हिडिओ बंद.

ती दहावीला असताना मी हा नियम घातला होता. ती कबड्डीचे सामने पाहत बसायची म्हणून. तिने कारण विचारू नये म्हणून वर थापही मारली होती, की आपल्या भागात पाचनंतर नेट कमजोर असतं. ती थाप वर्षभर इतक्यांदा मारली की पुढे मलाच खरी वाटायला लागली. दहावी झाली, अकरावी-बारावीचं इंटर झालं, पोरगी हैदराबादला गेली. तो नियम रद्द करणारा हुकूम काही मी काढला नाही. संध्याकाळी आम्ही दोघं केबलवर मालिका पाहणारे, त्यामुळे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

नियम पुसून मान वर केली तेव्हा सामना संपला होता. स्वराच्या संघाने तो जिंकला होता.

तिचा फोन आला. "पाह्यलं का, बाबा?"

खोटं बोलायला जीभ वळेना. सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता रडेल नाहीतर चिडेल. ती हसली.

"मले तवाच मालूम होतं नं, बाबा, का तुमीच बंद केलं म्हून. म्हून तं दहावीत मी रोज नागसेनकाकाच्या घरी पाहत होती. तुमी काऊन नाही गेले तिथं?"

दुसऱ्या दिवशी पाच वाजता फायनल होती. आमच्या टीव्हीवर आता सगळं चालत होतं. तरीही मी नागसेनच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि विचारलं, "ती कुठे बसायची?"

त्याने खिडकीजवळची खुर्ची दाखवली. तिथून आमचं फाटक दिसतं आणि मी बोथहून ज्या रस्त्याने घरी यायचो, तो रस्ताही. "सामना पाह्यता पाह्यता तिचा एक डोया तिकडंच राह्ये," नागसेन म्हणाला. "तुमी मोडावर दिसले का उठून घराकडं पये."

मी त्या खुर्चीत बसलो. सात नंबर मैदानात आली, आणि मला ती नीट दिसेना, कारण डोळे भरून आले होते.