वकिलाची कॉलर

घडीबाईचं खरं नाव लाँड्रीत कुणाला आठवत नसे. हॉटेलच्या तळघरात वाफेच्या इस्त्रीपाशी तिने अर्धं आयुष्य काढलं. तिने घडी घातलेला शर्ट गाढवाच्या पाठीवर टाकून गावभर फिरवला तरी मोडायचा नाही, म्हणून हे नाव. बाई नाकासमोर चालणारी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. खोड मात्र एक होती. माणूस समोर आला की ती आधी त्याची कॉलर बघायची आणि तेवढ्यावर निकाल देऊन मोकळी व्हायची. एकदा तिने डॉक्टरसुद्धा बदलला. म्हणे, "ज्याला स्वतःच्या कॉलरच्या आतला मळ दिसत नाही, त्याला माझ्या पोटातलं काय दिसणार?"

तर एका पाहुण्याचा कोट जळला. जाळला सुपरवायझरच्या भाच्याने, हे तिथल्या बॉयलरलासुद्धा माहीत होतं. पण सुपरवायझरने कोरा कागद ठेवला तो घडीबाईपुढे. "स्वखुशीने नोकरी सोडते असं लिहून दे. उगाच शोभा करून घेऊ नकोस."

"उद्या सांगते," ती म्हणाली. ॲप्रन खुंटीला लावला आणि घरी आली.

रडू आलं नाही. राग तर नाहीच. भाजी निवडायला बसली तेव्हा देठ भांड्यात आणि पानं केरात जात होती. ते नणंदेच्या लक्षात आलं, हिच्या नाही. नवरा गेल्यापासून घरात या दोघीच. थोरली नणंद म्हणजे चालतंबोलतं वर्तमानपत्र. संध्याकाळपर्यंत कोट कसा जळला ते अख्ख्या इमारतीला पाठ झालं होतं. वरच्या मजल्यावरची परिचारिका कामगारांच्या हेल्पलाइनचा नंबर घेऊन आली. फुकट असते म्हणाली.

"फुकट?" नणंदेने नाक मुरडलं. "फुकट बोलणाऱ्याला आपलं काय पडलंय गं? पैसे घेतलेला माणूस निदान लाजेखातर तरी काम करतो."

"लावून तर बघू, वन्सं," घडीबाई म्हणाली. लावला नसता तरी तिचं काही अडलं नसतं, अशा आवाजात.

बराच वेळ नुसतं संगीत वाजलं. मग एक तरुण, सर्दी झालेला आवाज आला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, कशावरही सही करू नका. आणि काहीही झालं तरी उद्या कामावर जा. दारातून हाकललं तर परवा पुन्हा जा. नाहीतर ते म्हणतील, ही स्वतःच सोडून गेली."

"रोज?"

"रोज. बरोबर कुणालातरी न्या. दारात साक्षीदार लागतो. पुढे सुनावणीला वकील लागेल, तो आम्ही देऊ शकत नाही. वकील बघाल तेव्हा त्याला एवढंच विचारा, कामगारांच्या केसेस लढवल्यात का?"

सल्ला चोख होता. पण आवाजाला कॉलर नसते, त्यामुळे माणूस कसा आहे हे हिला कळेना. आणि ज्या तळघरात सगळ्यांनी मिठाची गुळणी धरली होती, तिथे रोज जाऊन दारात उभं राहायचं?

दुसऱ्या दिवशी नणंदेने तिला आपल्या वकिलाकडे नेलं. त्याने या दोघींच्या घराची कागदपत्रं केली होती. वकील उठून उभा राहिला, बायांना खुर्च्या दिल्या. घडीबाईची नजर गेली ती थेट गळ्याशी. काय ती कॉलर! दोन्ही टोकं जुळ्या भावंडांसारखी, मानेमागची दुमड सुरीने कापल्यासारखी. ती बघता बघता विचारायचा प्रश्न कुठल्या कुठे गेला.

"घरी बसा," वकील म्हणाला. "अपमान करून घ्यायला कशाला जायचं? मी नोटीस पाठवतो. मग बघा कसे पळत येतात."

माणूस लबाड नव्हता हो. जन्मभर जमिनीचे आणि घरांचे व्यवहार केलेला. जमीन कुठे पळून जात नाही, थांबून चालतं. हिला तर घरीच बसायचं होतं. नेमकं तेच कुणी शहाणा सांगतोय म्हटल्यावर बाई बसली. खिडकीशी बसली, समोरच्या गच्चीवर वाळणारे कपडे बघत.

पळत कुणी आलं नाही. नोटिशीला उत्तर मात्र आलं. बाई न कळवता गैरहजर राहिल्या, स्वतःहून काम सोडून गेल्या, त्यांना कुणीही काढलेलं नाही. वकिलाने ते दोनदा वाचलं आणि खरं काय ते सांगितलं, "कामगारांच्या केसेसमध्ये मी तसा नवा आहे."

मग पुन्हा हेल्पलाइन. आवाज तोच होता, सर्दी बरी झालेली. 'मी सांगितलं नव्हतं?' असं तो म्हणाला नाही. एवढंच म्हणाला, "उशीर झालाय. तरी उद्याच जा, आणि कामगार कार्यालयात तक्रार द्या."

दोघी गेल्या. मागच्या दारावरचा वॉचमन म्हणाला, "मावशी, मला आत सोडायला मनाई आहे. माझ्या पोटावर पाय आणू नका." ती उभी राहिली. रोज जाऊन उभी राहिली. इस्त्रीपाशी नवीन बाई आल्याचं वॉचमननेच खाली मान घालून सांगितलं.

तक्रारीची सुनावणी झाली तेव्हा कामगार कार्यालयातल्या साहेबांनी एकच विचारलं, "काढलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही कामावर गेला होतात?"

"नाही."

"का नाही?"

वकिलाने सांगितलं म्हणून, असं म्हणता आलं असतं. हॉटेलचा माणूस शेजारीच बसला होता. घडीबाईने थोडा विचार केला. "मला जायचं नव्हतं," ती म्हणाली. खरं होतं तेही.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. हिशेब आणि अनुभवाचा दाखला मिळेल, म्हणाले. नोकरी मिळायची नाही.

बाहेर पायऱ्यांवर नणंद मोठ्याने रडायला लागली. "माझ्यामुळे गं, मीच नेलं तुला त्या मेल्याकडे!" येणारे-जाणारे थांबून बघायला लागले. त्यांना वाटलं, नोकरी या रडणारीचीच गेली.

घडीबाईने तिच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली. "चला वन्सं," ती म्हणाली, "बस जाईल."